बॅटरीविना बिऱ्हाड

मुलांनो, ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. अमेरिकेत अशी लाखो बिऱ्हाडं आहेत. फक्त ती पाठीवर नसतात, मोटारीच्या मागे असतात! तिथल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहा. एखादा दणकट पिकअप ट्रक येईल आणि त्याच्यामागून डुलत डुलत येईल एक लांबट पांढरं घर. (फार डुलायला लागलं तर मात्र चालवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, बरं का!) या घराला म्हणतात ‘ट्रॅव्हल ट्रेलर’. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. मुक्कामाच्या जागी ते सोडून ठेवायचं आणि ट्रक घेऊन खुशाल भटकायला जायचं. आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर, संडास, सगळं काही. इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. पैठणीसाठी जसं आपलं येवलं, तसं ट्रेलरसाठी एल्कहार्ट.

माझा भाचा ॲरिझोना राज्यात फिनिक्सला राहतो. त्याच्याकडे असाच एक चोवीस फुटी जुना ट्रेलर आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुट्टीत, त्या ट्रेलरमधून आम्ही ग्रँड कॅन्यनला गेलो. भाचा, भाचेसून, त्यांची सहावीतली लेक, दुसरीतला धाकटा आणि मी त्यांची मावशीआजी. मुक्काम चार रात्रींचा. आणि पहिल्याच दुपारी ट्रेलरची बॅटरी गेली! ग्रँड कॅन्यनवर आजवर पुष्कळांनी लिहिलंय. मी आज तुम्हांला सांगणार आहे ती त्या बॅटरीची, म्हणजे बॅटरी नसलेल्या घराची गोष्ट.

पण आधी तिथे पोचायला तर हवं! फिनिक्स हे वाळवंटातलं शहर, समुद्रसपाटीपासून जेमतेम अकराशे फूट उंच. तिथून रस्ता उत्तरेला चढत जातो. सुरुवातीला दोन्ही बाजूंना हात वर करून उभे असलेले साग्वारो निवडुंग. मग ते हळूहळू कमी होतात, गवताळ माळ येतो, आणि फ्लॅगस्टाफ गावाशी पोचतो तोवर आपण सात हजार फुटांवर, उंच उंच पाइन झाडांच्या जंगलात! थोडं पश्चिमेला विल्यम्स नावाचं टुमदार गाव लागतं. तिथून उत्तरेला साठ मैल, म्हणजे ९६ किलोमीटर गेलं की दरीचा काठ. नुसत्या मोटारीने हा सगळा प्रवास चार तासांचा. मागे घर जोडलेलं असलं की सहा तास धरायचे.

दरी केवढी आहे म्हणता? कोलोरॅडो नदीने कोरलेली ही दरी ४४६ किलोमीटर लांब, काही ठिकाणी २९ किलोमीटर रुंद आणि दीड किलोमीटरपेक्षा जास्त खोल आहे. आपली कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच. ती अख्खी उचलून या दरीत उभी केली, तर शिखर जवळजवळ काठाशी येईल!

दक्षिण काठावर, पाइन आणि जुनिपरच्या झाडीत, दोन मुक्कामाच्या जागा अगदी शेजारी शेजारी आहेत. एकीचं नाव ‘ट्रेलर व्हिलेज’ आणि दुसरीचं ‘मेदर कॅम्पग्राउंड’. दोन्हीकडे झाडं तीच, थंडी तीच. फरक एकच. ट्रेलर व्हिलेजमध्ये प्रत्येक जागेपाशी कमरेएवढा एक बुटका खांब असतो, त्यावर विजेची पेटी. शेजारी पाण्याचा नळ आणि सांडपाण्याचं तोंड. मेदरमध्ये जागेपाशी यातलं काहीच नाही! एवढ्या एका खांबामुळे काय फरक पडतो, ते आता बघा.

ट्रेलरमध्ये विजेचे दोन संसार असतात. पहिला मोठ्या विजेचा. अमेरिकेत घरोघरी १२० व्होल्टची वीज असते (आपल्याकडे २३० व्होल्टची), तीच या खांबावर येते. एक जाडजूड केबल काढायची, एक टोक ट्रेलरला, दुसरं खांबावरच्या सॉकेटला. भाच्याच्या ट्रेलरचा प्लग ३० अँपिअरचा. आता गणित करा पाहू. १२० गुणिले ३० म्हणजे ३,६०० वॅट. तुमच्या घरी गिझरसाठी जो मोठा १६ अँपिअरचा सॉकेट असतो, त्यातून २३० गुणिले १६, म्हणजे ३,६८० वॅट मिळू शकतात. म्हणजे आपल्या एका गिझरच्या सॉकेटमधून जेवढी वीज मिळेल, तेवढ्यात हे सगळं घर चालवायचं! या मोठ्या विजेवर चालतात मायक्रोवेव्ह, एअर कंडिशनर, टीव्ही आणि भिंतीवरचे सॉकेट.

दुसरा संसार छोट्या विजेचा, १२ व्होल्टचा. तुमच्या स्कूटरमध्ये किंवा मोटारीत असते तशीच ही वीज. पुस्तकातल्या भाषेत पहिली प्रत्यावर्ती धारा आणि ही दिष्ट धारा. छतातले दिवे या छोट्या विजेवर चालतात. पाण्याचा पंप हिच्यावरच. गॅस गळला तर ओरडणारी पेटी हिच्यावर. आणि गंमत म्हणजे, गॅसवर चालणाऱ्या वस्तूंनाही ही छोटी वीज लागते! घर गरम करणारी फर्नेस गॅसवर पेटते खरी, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा १२ व्होल्टचा. फ्रिज गॅसवर थंड होतो, पण गॅस केव्हा पेटवायचा हे ठरवणारं त्याचं सर्किट १२ व्होल्टचं. गॅसची टाकी काठोकाठ भरलेली असली, तरी ही छोटी वीज नसेल तर फर्नेस मुकी आणि फ्रिज वेडा!

मग ही १२ व्होल्टची वीज येते कुठून? दोन ठिकाणांहून. ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे बैलगाडीला दांडी असते तशा पुढच्या लोखंडी दांड्यावर, एका पेटीत बॅटरी ठेवलेली असते. तिला म्हणतात ‘हाउस बॅटरी’, घरची बॅटरी. ट्रकच्या इंजिनाची बॅटरी वेगळी, ही वेगळी. आणि दुसरा म्हणजे ‘कन्व्हर्टर’. खांबाला प्लग लावला की हा कन्व्हर्टर १२० व्होल्टची वीज घेतो आणि तिची साडेतेरा व्होल्टच्या आसपासची छोटी वीज करून देतो. आपल्या घरचा इन्व्हर्टर बॅटरीच्या छोट्या विजेची मोठी वीज करतो. कन्व्हर्टर बरोबर उलटं काम करतो. तुमच्या मोबाइलचा चार्जर त्याचाच धाकटा भाऊ म्हणा ना!

आता बॅटरीचं आणि कन्व्हर्टरचं नातं समजून घ्यायचं तर गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नगरपालिकेचं पाणी पाइपातून येतं आणि टाकीत पडतं. टाकीतून ते सगळ्या नळांना जातं. पाणी गेलं तरी टाकीमुळे नळ चालू राहतात. एकदम चार नळ सोडले तरी टाकी सांभाळून घेते. इथे कन्व्हर्टर म्हणजे नगरपालिकेचा पाइप आणि बॅटरी म्हणजे टाकी. समजा, टाकी फुटली आणि तुम्ही पाइप थेट नळांना जोडून टाकला, तर पाणी येईल का? येईल की! पण जोवर नगरपालिका देते आहे तोवरच.

आमची टाकी फुटली ती अशी.

बुधवारी दुपारी आम्ही पोचलो, ट्रक सोडवला, प्लग लावला. तासाभरानं सुनेला वास आला. सडक्या अंड्यासारखा! स्वयंपाकाच्या गॅसलाही मुद्दाम असाच घाण वास दिलेला असतो, त्यामुळे पहिली शंका गॅसचीच. भाच्यानं मुलांना बाहेर काढलं, दोन्ही टाक्या बंद केल्या, दारं-खिडक्या सताड उघडल्या. पण गॅसची पेटी ओरडत नव्हती आणि वास पुढच्या खिडकीतून येत होता. दांड्यावरच्या पेटीचं झाकण त्यानं लांबूनच उचललं. बॅटरी फुगली होती, तापली होती आणि आतून बुडबुड्यांचा आवाज येत होता.

झालं होतं असं. शिशाच्या बॅटरीत छोटे छोटे सहा कप्पे असतात. प्रत्येकाचे साधारण दोन व्होल्ट, मिळून बारा. त्यातला एक कप्पा आतल्या आत शॉर्ट झाला होता. मग बॅटरी भरणार कशी? कन्व्हर्टर बिचारा ‘अजून भरली नाही, अजून भरली नाही’ म्हणत वीज कोंबतच राहिला आणि उरलेले कप्पे उकळायला लागले. अशा वेळी निघणारे वायू विषारी असतात, शिवाय ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. म्हणून भाच्यानं आधी खांबावरचा खटका पाडला आणि दोन तास कुणाला जवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. बॅटरी निवल्यावर त्यानं चष्मा घातला, रबरी हातमोजे चढवले आणि मग तिला हात लावला. तुम्ही मात्र घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर हे प्रयोग मुळीच करू नका हं! ते मोठ्यांचं आणि माहीतगारांचं काम.

बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक, मग धन टोक. इथे एक गमतीदार घोळ असतो. मोटारीत लाल वायर धन आणि काळी वायर ऋण, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. ट्रेलरमध्ये मात्र बऱ्याचदा काळी वायर धन असते आणि पांढरी ऋण! ज्याला ठाऊक नाही त्यानं नवी बॅटरी उलटी जोडलीच म्हणून समजा, आणि कन्व्हर्टरचे फ्यूज त्याच क्षणी उडाले म्हणून समजा. आमच्या सहावीतल्या बाईंनी लगेच चिकटपट्टीचे दोन तुकडे कापले, एकावर अधिकचं चिन्ह, दुसऱ्यावर वजाचं चिन्ह काढलं आणि वायरींना चिकटवले. मग भाच्यानं दोन्ही टोकांना वेगवेगळी भरपूर टेप गुंडाळली. का? कारण बॅटरी काढली तरी त्या वायरी मेलेल्या नसतात. खांबाचा खटका वर केला की कन्व्हर्टरची वीज त्यांच्यात येणारच. उघडी टोकं एकमेकांना किंवा लोखंडाला लागली तर शॉर्ट!

अजून एक प्रश्न होता. बॅटरीशिवाय हा कन्व्हर्टर नीट चालेल का? जुन्या जमान्यातले कन्व्हर्टर नीट चालत नाहीत. ते वीज देतात, पण लाटालाटांनी देतात. त्या लाटा गुळगुळीत करायचं काम बॅटरी करते. ती नसली की रेडिओ गुणगुणतो आणि फ्रिजचं नाजूक सर्किट गोंधळतं. नव्या इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टरमध्ये ही अडचण सहसा येत नाही. भाच्यानं माहितीपुस्तक काढून दोनदा वाचलं. त्याचा कन्व्हर्टर नव्या जातीचा होता. मग त्यानं खांबावरचा खटका वर केला. दिवे लागले! फर्नेसचा पंखा फिरला! धाकट्यानं टाळ्या पिटल्या आणि विचारलं, “मग बॅटरी ठेवतात तरी कशाला?”

प्रश्न बरोबरच होता. पहिली रात्र आणि दुसरा दिवस आम्हांला बॅटरीची आठवणसुद्धा झाली नाही. पाण्याचा पंपही लागला नाही, कारण नळालाच नळी जोडली होती. (हे पाणी येतं कुठून, ठाऊक आहे? दरीच्या पलीकडच्या उतारावर ‘रोअरिंग स्प्रिंग्ज’ नावाचे झरे आहेत. तिथून ते पाइपातून अख्खी दरी ओलांडून या काठावर येतं. तेव्हापासून मी तोंड धुताना नळ बंद ठेवते.) सकाळी दरीच्या काठावर जाऊन सूर्योदय पाहिला. आधी वरचे पांढरे थर उजळतात, मग पिवळे, मग लाल, आणि नदीकडच्या काळ्या खडकापर्यंत ऊन उतरायला कितीतरी वेळ लागतो. धाकटा म्हणाला, “मावशीआजी, कुणीतरी दिव्याचं बटण हळूहळू फिरवतंय!”

बॅटरीची किंमत कळली ती गुरुवारी रात्री.

जेवणं झाली होती. बाहेर उणे पाच अंश. फर्नेस चालू होती, पण मुलांच्या पलंगाचा कोपरा गारच राहायचा, म्हणून सुनेनं तिथे विजेचा छोटा हीटर लावला. तो पंधराशे वॅटचा. आंघोळीच्या पाण्याचा गिझर आधीच विजेवर टाकला होता, तो चौदाशे वॅटचा. आणि मग दूध गरम करायला मायक्रोवेव्ह लावला, त्याचे पंधराशे. करा बेरीज! ४,४०० वॅट. आणि खांब देतो किती? ३,६००. मिनिट-दीड मिनिट खांबानं सोसलं, आणि मग खटका पडला. खट्ट!

आता नीट लक्ष द्या. बॅटरी असती तर काय झालं असतं? मायक्रोवेव्ह, हीटर, गिझर बंद पडले असते. पण छतातले दिवे चालूच राहिले असते, फर्नेसचा पंखा फिरतच राहिला असता. कुणाला घाईही झाली नसती. आमच्याकडे मात्र सगळं एकदम गेलं. काळाकुट्ट अंधार! पंखा थांबला. गॅसवर पहारा करणाऱ्या पेटीचा हिरवा ठिपकाही विझला. जंगलातला अंधार शहरातल्या अंधारासारखा नसतो, मुलांनो. स्वतःचा हात दिसत नाही. धाकट्यानं माझा शालीचा पदर घट्ट धरला.

“एवढंच ना, खटका वर करून येतो,” म्हणून भाचा टॉर्च घेऊन दाराशी गेला आणि तिथेच थबकला. खांबाला जवळजवळ टेकून एक भली थोरली एल्क उभी होती, शेजारी तिचं पिल्लू. दोघं शांतपणे गवत खात होती! एल्क म्हणजे तिकडचं प्रचंड सांबर समजा. दिसायला गरीब, पण पिल्लू बरोबर असलं की लाथ मारायला मागेपुढे बघत नाही. राष्ट्रीय उद्यानाचा नियमच आहे की एल्कपासून निदान शंभर फूट, म्हणजे तीस मीटर दूर राहायचं. आणि ती तर दारापासून पंधरा पावलांवर! सून म्हणाली, “अहो, आत या आधी. दार लावा.”

मग काय, वाट बघणं आलं! सगळ्यांनी कोट चढवले, मुलांना दोन रजयांत गुंडाळलं. भाच्याच्या लेकीनं टॉर्चच्या उजेडात भिंतीवरचा तापमापक वाचायचं काम घेतलं. एकोणीस अंश. सतरा. पंधरा. ट्रेलरच्या भिंती बोटभर जाडीच्या, आतली ऊब टिकणार किती? तेरावर आकडा आला, तेव्हा बाईसाहेब पिल्लाला घेऊन डुलत डुलत निघून गेल्या. चाळीस मिनिटं झाली होती. भाच्यानं जाऊन खटका वर केला. त्याआधी सुनेनं हीटर आणि गिझर बंद करून ठेवले होते, नाहीतर पुन्हा खट्ट!

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. आमची बॅटरी चांगली असती तर किती वेळ तगली असती? शंभर अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे एक अँपिअर वीज शंभर तास, किंवा दहा अँपिअर दहा तास. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, लवकर खराब होते. म्हणजे हाताशी पन्नास. फर्नेसचा पंखा साडेसात-आठ अँपिअर घेतो. सलग चालला तर सहा-साडेसहा तास! आणि तो सलग चालत नाही, खोली तापली की थांबतो. म्हणजे अख्खी रात्र निघाली असती. चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही!

शुक्रवारी सकाळी आम्ही शेजारच्या मेदरमध्ये फिरायला गेलो. मेदर हे नाव स्टीफन मेदर यांचं. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे ते पहिले संचालक. तिथे खांब नाहीत, हे मी सांगितलंच. मग तिथले लोक ट्रेलरमध्ये राहतात कसे? बॅटरीवरच! बरोबर जनरेटर आणला तरी तो ठरावीक वेळांतच चालवायचा. एका छोट्या ट्रेलरपाशी एक आजोबा कॉफी पीत बसले होते. त्यांच्या छतावर सूर्याच्या विजेची दोन तावदानं आणि दांड्यावर सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडून बारा केलेल्या. त्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नव्हता. दिवासुद्धा एका वेळी एकच.

भाच्याच्या लेकीनं त्यांना विचारलं, बॅटरी काढून नुसत्या तावदानांवर दिवे चालतील का? आजोबा म्हणाले, ढगाला विचार! ढग आला की वीज कमी, गेला की जास्त, आणि दिवा लागतो तो रात्री. शिवाय तावदान आणि बॅटरी यांच्यामध्ये जी नियंत्रण पेटी असते, तिला बहुतेक वेळा आधी बॅटरी जोडावी लागते, मग तावदान. बॅटरीशिवाय नुसतं तावदान जोडलं तर पेटी बिघडू शकते. आपल्याकडे गावोगाव घरांवर अशी तावदानं बसली आहेत, तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शनिवारी सकाळी भाचा म्हणाला, “मी फ्लॅगस्टाफला जाऊन बॅटरी घेऊन येतो.” गुरुवारी थँक्सगिव्हिंगमुळे दुकानं बंद होती आणि शुक्रवारी तिथे खरेदीची ही झुंबड! सून म्हणाली, “आता एक रात्र तर राहिली. तीन काढल्या ना खांबावर? उद्या निघायचंच आहे. घरी गेल्यावर घ्या की! उगाच जाऊन येऊन पाच तास घालवायचे.” मलाही तिचं म्हणणं पटलं होतं.

भाचा काही बोलला नाही. आम्हां सगळ्यांना त्यानं ट्रेलरच्या नाकाशी नेलं. आधी खांबावरचा खटका पाडला. “रस्त्यावर खांब नसतो,” म्हणाला. मग त्यानं दांड्यावरची एक छोटी डबी दाखवली. डबीत एक खिळी खोचलेली, खिळीला एक बारीक पोलादी दोर. प्रवासात हा दोर ट्रकला अडकवायचा असतो. समजा, धावता धावता ट्रेलर ट्रकपासून सुटला, तर काय होईल? दोर ताणला जाईल, खिळी उपसून निघेल आणि डबीच्या आतलं बटण आपोआप चालू होईल. त्यासरशी बॅटरीची वीज ट्रेलरच्या चाकांतल्या विजेच्या ब्रेकना जाईल आणि सुटलेलं घर जागच्या जागी थांबेल. जड ट्रेलरना असा ब्रेक असावा, असा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांचा कायदाच आहे.

“ओढ खिळी,” तो लेकीला म्हणाला. तिनं ओढली. आम्ही कान देऊन ऐकलं. काही नाही. चाकं गप्प.

“पण ट्रकला बॅटरी आहे ना?” धाकट्यानं विचारलं. “ट्रकमधून केबल येते ना आपल्या ट्रेलरला?”

येते. तिच्यातूनच मागचे दिवे लागतात आणि नेहमीचे ब्रेक लागतात. पण ट्रेलर सुटला की ती केबलही तुटते! नेमकं ज्या क्षणी ब्रेक हवेत, त्याच क्षणी ट्रकची वीज गेलेली असते. त्या वेळी ट्रेलरजवळ स्वतःची म्हणून जी वीज असेल, तेवढीच. आणि आमच्या वाटेवर फ्लॅगस्टाफहून खाली उतरणारा घाट होता. बोरघाटात कशा पाट्या असतात, तशा तिथे जड वाहनांसाठी पाट्या आहेत. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकला चढून थांबता यावं म्हणून रस्त्याच्या बाजूला खडीचे चढही करून ठेवले आहेत.

सुनेनं ट्रकची किल्ली आणून त्याच्या हातात दिली. “येताना दूधही आणा,” एवढंच म्हणाली.

मी आणि भाच्याची लेक त्याच्याबरोबर गेलो. दुकानदारानं नवी बॅटरी देताना जुनी मागून घेतली आणि तिच्यासाठी घेतलेली अनामत परत केली. जुन्या बॅटरीतलं शिसं वितळवून पुन्हा वापरतात, म्हणून ही पद्धत. नवी बॅटरी वीस किलोहून जड! परत आल्यावर भाच्यानं खटका पाडला, चिकटपट्टीवरची चिन्हं बघून आधी धन टोक जोडलं, मग ऋण. खटका न चढवताच पुन्हा खिळी ओढायला सांगितली. या वेळी चाकांतून बारीकसा गुंऽऽ असा आवाज आला. भाच्यानं लगेच खिळी परत खोचली. ती फार वेळ काढून ठेवायची नसते, ब्रेकमधले चुंबक तापतात आणि बॅटरीही रिकामी होते.

रविवारी सकाळी ट्रक जोडला. दोर ट्रकला अडकवण्याआधी पुन्हा एकदा खिळी काढली आणि भाच्यानं ट्रक अगदी हळू पुढे घेतला. ट्रेलर जागचा हलला नाही. चाकं आवळलेली! मग खिळी खोचली, दोर अडकवला, आणि सगळ्यात शेवटी भाच्यानं खांबावरचा खटका पाडून प्लग काढला. फ्रिजवरचा आकडा दिसतच होता, पलंगावरचा दिवा जळतच होता. धाकटा धावत आत गेला आणि तो विझवून आला.

घाट उतरायला अर्धा तास लागला. वर पाइन, मग जुनिपर, मग नुसतं गवत. खडीचे चढ आले आणि मागे गेले. त्यांच्याकडे कुणी बघितलं नाही, कारण मुलं झोपली होती. पहिला साग्वारो दिसला तेव्हा सुनेनं अंगातला कोट काढला आणि खिडकी उघडली.